मधला दीड फूट

भिंतीवर पाण्याची रेघ आहे, पाच फुटांवर.
रंग दोनदा दिला, तरी ओल धरून वर येते.
त्या वर्षी चिखल उपसून झाल्यावर
मालन म्हणाली होती, आता खाली काही ठेवायचं न्हाई.
मग पीठ, डाळी, रेशनकार्ड, अस्मिताच्या बारशाचे फोटो,
सगळं माळ्यावर चढलं.
अख्ख्या शुक्रवार पेठेत आमचंच घर असं,
जमीन मोकळी आणि छत गच्च.

आता ती खुर्चीत बसते.
उजवा हात मांडीवर असतो,
कुणीतरी एसटीत विसरून गेलेल्या पिशवीसारखा.
डावा साडेतीन फुटांपर्यंत पोचतो.
टेप लावून मोजलंय मी.

एकतीस वर्षं उद्यमनगरात स्टोअर सांभाळलं.
लाइट गेली तरी पाच एमएमचं ड्रिल
हात घालीन तिथं सापडायचं.
आणि पहिल्या दिवशी घरात मला जिरं गावलं नाही.
ते होतं बोर्नव्हिटाच्या डब्यात.
जिऱ्याच्या डब्यात सुट्टे पैसे, गॅसचं पुस्तक,
चटणीच्या बरणीमागं अस्मिताच्या पहिल्या दाताची पुडी.
ही कसली गं पद्धत, विचारलं,
तर हसली, अर्ध्या तोंडानं.
शब्द अजून पुरते येत नाहीत तिला.

मग मी माझी पद्धत आणली.
डब्यांवर ऑइल पेंटनं आकडे घातले, वहीत नोंदी केल्या,
भिंतीवर पळीची, उलथन्याची, चिमट्याची आकृती काढली,
म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनच दिसावं.
ती रोज उलथनं पळीच्या जागी टांगायची.
मी रोज काढून उलथन्याच्या जागी.
आठ दिवस हे चाललं, न बोलता.
नवव्या दिवशी मी तिच्या खुर्चीत बसून बघितलं,
डावा हात सरळ वर केला:
तो गेला पळीच्या खिळ्यावर.
आणि सकाळी आधी लागतं ते उलथनं.
भाकरीला.
भाकरी मी थापतो. उलटायची तिनं.

जुलैत बातम्या लागल्या.
राजाराम बंधारा, सदतीस फूट. संध्याकाळी अडतीस.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका,
नदीचं हे बरं असतं.
मालनच्या बाबतीत असला आकडा
कुणी आधी सांगितला नव्हता.
ती चहा गाळत होती, आणि गाळणी पडली.

गल्लीत गाद्या वर चढायला लागल्या.
मी मात्र भिंतीसमोर उभा:
साडेतीनच्या वर ठेवलं तर तिला पोचत नाही,
पाचच्या खाली ठेवलं तर पाण्याला पोचतं.
मधला दीड फूट कुठं घालू?

मुजम्मिल बागवान मार्केट यार्डातनं आला,
टोमॅटोचे पाच क्रेट घेऊन.
म्हणाला, काका, संसार कशाला चढवताय,
क्रेटात राहू दे खालीच,
पाणी आलं तर हाक मारा, पाच फेऱ्यांत वर.
मी वहीचं पान फाडलं आणि नवीन यादी लिहिली.
क्रेट एक: औषधं, कागदपत्रं, गॅसचं पुस्तक.
मालननं डावा हात हलवला. न्हाई.
पुडी? पुडी घालू का?
न्हाई.
बोट कोपऱ्यात, दगडी खलबत्त्याकडं.

अगं दगडाला काय होतंय पाण्यानं?
मागच्या पुरात चार दिवस बुडाला होता,
निघाला तसाच, उलट स्वच्छ.
मुजम्मिल हसायला लागला.
तिचं बोट तिथंच होतं.
चटणी, ती म्हणाली.
पूर्ण शब्द. ट-ला जरा अडखळली.

रात्री साडेअडतीसवर पाणी थांबलं.
क्रेट खालीच राहिले, ओळीनं, खुर्चीच्या डाव्या अंगाला.
झोपताना वही उघडली, सवयीनं नोंद घातली:
क्रेट एक. खलबत्ता, नग एक.
वजन नऊ किलो.
कारण, हा रकाना आमच्या स्टोअरमधे
कधीच रिकामा सोडायचा नसे.
मी सोडला,
आणि लाइट बंद केली.